८,७५,३९,३१९ : एका मोठ्या संख्येचे गुणधर्म वहीत कसे काढावेत

आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. हार्डी आणि रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ दोन प्रकारे लिहिता येते, ही तीन प्रकारे. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली.

अशा संख्येचे विभाजक किती, ती वर्गांची बेरीज आहे का, घनांच्या जोड्या कोणत्या, हे सगळे प्रश्न वेगवेगळे दिसतात. पण एकदा मूळ अवयव पाडले की बहुतेक उत्तरे तिथूनच निघतात. म्हणून निम्मा वेळ अवयवांना द्या आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लागणारे साहित्य थोडे आहे: चौकटींची वही, पेन्सिल आणि वर्गमूळाचे बटण असलेला १२ अंकी कॅल्क्युलेटर. ८ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या जेमतेम मावते, पण पुढे तिची चौपट ३५,०१,५७,२७६ लागते आणि ती ९ अंकी आहे. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात, त्यामुळे या संख्येचा वर्ग (तो १६ अंकी आहे) तिथे काढू नका.

संख्या उतरवणे आणि पहिल्या कसोट्या

संख्या दोनदा लिहा. एकदा आपल्या स्वल्पविरामांनी, ८,७५,३९,३१९, आणि एकदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून, ८७ | ५३९ | ३१९. दुसरी मांडणी ७, ११ आणि १३ यांच्या एकत्रित कसोटीसाठी लागते. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून हजाराचा प्रत्येक गट आळीपाळीने अधिक-उणे करता येतो. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांवर हीच कसोटी लावली तर उत्तर चुकते, कारण तिथले गट दोन अंकांचे असतात. ही चूक फार वेळा होते.

३१९ − ५३९ + ८७ = −१३३. आता १३३ = ७ × १९. म्हणून ७ ने भाग जातो. ११ ने भागल्यास १३३ ची बाकी १ आणि १३ ने भागल्यास ३ उरते, म्हणून ११ आणि १३ दोन्ही बाद.

अंकांची बेरीज ८ + ७ + ५ + ३ + ९ + ३ + १ + ९ = ४५, म्हणून ९ ने भाग जातो. शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद.

उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली, उदाहरणार्थ ८,७५,९३,३१९ असे लिहिले गेले, तर अंकांची बेरीज ४५ च राहते आणि ९ ची कसोटी काहीच सांगत नाही. तीन-तीन गटांची कसोटी ही चूक पकडते: ३१९ − ५९३ + ८७ = −१८७, आणि १८७ ला ७ ने भाग जात नाही. म्हणून दोन्ही कसोट्या करायच्याच.

मूळ अवयव पाडणे

आधी ३ संपवा.

८,७५,३९,३१९ ÷ ३ = २,९१,७९,७७३
÷ ३ = ९७,२६,५९१
÷ ३ = ३२,४२,१९७

३२,४२,१९७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ इथे थांबला. नुसती ९ ची कसोटी पाहून '३ × ३' लिहून पुढे जाणारे तिसरा ३ हरवतात आणि मग विभाजकांची संख्या ६४ ऐवजी ४८ येते. अवयव मिळाला की त्याच अवयवाने पुन्हा भागून पाहायचे, हा नियम प्रत्येक वेळी पाळा.

३२,४२,१९७ ÷ ७ = ४,६३,१७१. पुन्हा ७ ने पाहू: १७१ − ४६३ = −२९२, आणि २९२ ला ७ ने भाग जात नाही.

आता ४,६३,१७१ ला पुढच्या मूळ संख्यांनी भागत जा आणि प्रत्येकाची बाकी वहीत लिहून ठेवा: १७ ला बाकी ६, १९ ला ८, २३ ला २०, २९ ला १२, ३१ ला शून्य. भागाकार १४,९४१.

१४,९४१ चे वर्गमूळ १२२ च्या थोडे पुढे, म्हणजे जास्तीत जास्त ११३ पर्यंत जावे लागेल. ३१ ला बाकी ३०, ३७ लाही ३०, ४१ ला १७, ४३ ला २०, ४७ ला ४२, ५३ ला ४८, ५९ ला १४, ६१ ला ५७, आणि ६७ ने नि:शेष भाग जातो: १४,९४१ = ६७ × २२३.

२२३ मूळ आहे का? त्यासाठी वेगळे काही करायला नको. २२३ चे वर्गमूळ १५ च्या आत आहे आणि त्याआधीचे २, ३, ५, ७, ११, १३ वर केव्हाच संपले आहेत. म्हणून

८,७५,३९,३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

हा गुणाकार ताडून पाहताना ९ ची पडताळणी वापरू नका. संख्येलाच ९ ने भाग जातो, त्यामुळे ३³ बरोबर आले की पुढचा कोणताही चुकीचा अवयव त्या चाळणीतून सुखरूप जातो. ११ ची बाकी वापरा: २७ ची ५, ७ ची ७, ३१ ची ९, ६७ ची १, २२३ ची ३. त्यांचा गुणाकार ९४५, त्याची बाकी १०. आपल्या संख्येची बाकीही −१, म्हणजेच १०. जुळले.

संख्या दोन वर्गांचा फरक म्हणून पकडायची फर्माची रीत काहींच्या आवडीची आहे. तिच्यात वर्गमूळाच्या वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करून, प्रत्येकाच्या वर्गातून संख्या वजा करून बाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहतात. इथे सुरुवात ९३५७ पासून होईल आणि पहिले यश ९७८८ वर मिळेल (९७८८² − २८७५²), म्हणजे ४३२ पायऱ्या. वरच्या भागाकारांना त्याच्या दहावा हिस्साही श्रम पडले नाहीत. दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तेव्हाच ती रीत वापरावी. इथली सर्वांत जवळची जोडी ६९१३ × १२,६६३ आहे, आणि ती बरीच लांब आहे.

अवयवांवरून झटपट निघणारे गुणधर्म

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. (३+१) × २ × २ × २ × २ = ६४.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९ + २७) × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८०. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ६,८४,३६,३६१ उरतात. हे आपल्या संख्येइतके नाही, कमी आहे, म्हणून ती परिपूर्ण संख्या नाही. पहिल्या कंसात नुसते २७ + १ लिहिणे ही नेहमीची चूक. मधले ३ आणि ९ धरलेच पाहिजेत.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असणाऱ्या (१ खेरीज सामाईक विभाजक नसणाऱ्या) संख्या: १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. इथले १८ म्हणजे २७ − ९; २६ नव्हे.

आवर्ती दशांशाला थोडे जास्त काम आहे. १ ला या संख्येने भागल्यावर किती अंकांनी पुनरावृत्ती होईल? प्रत्येक अवयवाची आवर्तनाची लांबी काढून त्यांचा लसावि घ्या. २७ ची ३, ७ ची ६, ३१ ची १५, ६७ ची ३३. २२३ साठी लांबी २२२ ची विभाजक असते, म्हणून फक्त १० चे ६ वा, ७४ वा आणि १११ वा हे तीन घात तपासायचे (२२२ ला ३७, ३ आणि २ ने भागून आलेले). १००० ला २२३ ने भागल्यास बाकी १०८. तिचा वर्ग ११,६६४, त्याची बाकी ६८. ही झाली सहाव्या घाताची बाकी. तसेच पुढे वर्ग आणि गुणाकार करत गेल्यास ३६ व्या घाताची ४, ३७ व्याची ४०, ७४ व्याची ३९ आणि १११ व्याची २२२ येते. ६८, ३९, २२२ यांपैकी एकही १ नाही, म्हणून लांबी पूर्ण २२२.

३, ६, १५, ३३, २२२ यांचा लसावि १२,२१०. तेवढ्या अंकांनंतर आवर्तन. लसाविऐवजी सरळ गुणाकार केला तर १९,७८,०२० असे भलतेच उत्तर येते.

वर्गांची बेरीज

शेवटचे तीन अंक ३१९. त्यांना ८ ने भागल्यास बाकी ७, आणि १००० ला ८ ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येचीही बाकी ७. कोणत्याही वर्गाची ८ ने भागल्यावरची बाकी ०, १ किंवा ४ असते. यांतले तीन आकडे कसेही घेतले तरी ७ होत नाहीत. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज नाही आणि तीन वर्गांचीही नाही. लाग्रांज यांच्या १७७० च्या प्रमेयानुसार चार वर्ग नक्की पुरतात, तेव्हा चारच लागणार.

ते चार शोधताना सर्वांत मोठ्या वर्गापासून सुरुवात करावीशी वाटते. ९३५६² = ८,७५,३४,७३६, उरले ४५८३. पण ४५८३ ची ८ ने बाकी पुन्हा ७ च, म्हणजे ही वाट बंद आहे. यावर कितीही वेळ घालवला तरी तीन वर्ग मिळणार नाहीत. एक पायरी खाली या. ९३५५² = ८,७५,१६,०२५, उरले २३,२९४. त्यातून १५१² = २२,८०१ काढले की ४९३, आणि ४९३ = १८² + १३².

८,७५,३९,३१९ = ९३५५² + १५१² + १८² + १३²

घनांच्या जोड्या

या संख्येचे खरे वैभव इथे आहे, आणि अवयव हातात असतील तर सगळ्या जोड्या अर्ध्या तासात सापडतात. मुळाशी शाळेतलेच सूत्र आहे:

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

म्हणजे दोन संख्यांची बेरीज ही आपल्या संख्येची विभाजक असलीच पाहिजे. विभाजक ६४ आहेत, पण सगळे तपासायला नकोत. तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी खालच्या मर्यादेची. (अ + ब)³ हे अ³ + ब³ पेक्षा मोठे असते, म्हणून बेरीज संख्येच्या घनमूळापेक्षा मोठी हवी. ४४४³ = ८,७५,२८,३८४ आणि ४४५³ = ८,८१,२१,१२५. तेव्हा बेरीज किमान ४४५.

दुसरी वरच्या मर्यादेची. अ³ + ब³ हे (अ + ब)³ च्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी कधीच नसते, म्हणून बेरजेचा घन संख्येच्या चौपटीच्या आत हवा. चौपट ३५,०१,५७,२७६; ७०४³ = ३४,८९,१३,६६४ त्यात बसतो, ७०५³ = ३५,०४,०२,६२५ बसत नाही. बेरीज जास्तीत जास्त ७०४.

आता विभाजकांची यादी करा. ७, ३१, ६७, २२३ यांपासून बनणारे १६ गुणाकार एका उभ्या ओळीत लिहा आणि प्रत्येकाला १, ३, ९, २७ ने गुणा. ४४५ ते ७०४ मध्ये पडणारे चारच: ४६९, ६०३, ६५१, ६६९. यादी मनातल्या मनात केली की ६०३ (९ × ६७) हमखास सुटतो, म्हणून वहीतच करा.

तिसरी चाळणी ६ ची. कोणत्याही संख्येच्या घनातून ती संख्या वजा केली तर ६ ने भाग जातो, कारण ते तीन लागोपाठच्या संख्यांचे गुणन असते. म्हणून अ + ब आणि अ³ + ब³ यांची ६ ने भागल्यावर बाकी सारखीच. आपली संख्या विषम आणि ३ ने विभाज्य, म्हणजे बाकी ३. ४६९ ची बाकी १, तो गेला. उरलेल्या तिघांची बाकी ३ च आहे.

प्रत्येक उमेदवारासाठी क्रम असा: संख्येला बेरजेने भागा. बेरजेच्या वर्गातून तो भागाकार वजा करा. ३ ने भागा. हा झाला अ × ब. मग बेरजेच्या वर्गातून त्याची चौपट वजा करा. उत्तर पूर्ण वर्ग असेल तर त्याचे वर्गमूळ म्हणजे अ आणि ब यांच्यातला फरक.

बेरीज ६०३: भागाकार १,४५,१७३. वर्ग ३,६३,६०९. वजाबाकी २,१८,४३६, तिचा तिसरा हिस्सा ७२,८१२. चौपट वजा केल्यावर ७२,३६१ = २६९². बेरीज ६०३, फरक २६९, म्हणून ४३६ आणि १६७.

बेरीज ६५१: भागाकार १,३४,४६९, गुणाकार ९६,४४४, शेवटी ३८,०२५ = १९५². म्हणून ४२३ आणि २२८.

बेरीज ६६९: भागाकार १,३०,८५१, गुणाकार १,०५,५७०, शेवटी २५,२८१ = १५९². म्हणून ४१४ आणि २५५.

८,७५,३९,३१९ = १६७³ + ४३६³ = २२८³ + ४२३³ = २५५³ + ४१४³

चाळणीतून उरलेले तिघेही यशस्वी ठरतात. ही रीत पहिल्यांदा करत असाल तर १७२९ = ७ × १३ × १९ वर हात बसवून घ्या. तिथे मर्यादा १३ ते १९, उमेदवार फक्त १३ आणि १९, आणि उत्तरे १ व १२, ९ व १०.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीतल्या चारही संख्यांना ३ ने भाग जातो. भागून पाहिले तर ३२,४२,१९७ = ७६³ + १४१³ = ८५³ + १३८³. म्हणजे आधी दोन प्रकारे लिहिता येणारी एक संख्या होती. तिला २७ ने गुणल्यावर १६७ आणि ४३६ ही नवी जोडी उमलली, जी ३ ने भागता येत नाही.

अवयवांकडेही पुन्हा पाहा. अ आणि ब सहमूळ असतील तर अ² − अब + ब² चे मूळ अवयव फक्त ३ किंवा ३ ने भागल्यावर बाकी १ उरणारे असू शकतात. ७, ३१, ६७, २२३ हे चौघेही तसेच आहेत, आणि १७२९ चे ७, १३, १९ सुद्धा. अशा जोड्यांचा शोध घ्यायचा तर याच प्रकारच्या लहान मूळ अवयवांनी भरलेल्या संख्यांत घ्यावा.

घनांचा फरक हवा असेल तर तीच रीत थोडी बदलते. फरक ४४४ च्या आत असतो, त्याचीही ६ ने बाकी ३ हवी, आणि २७ च्या पटीतला फरक चालत नाही (फरक फ असेल तर भागाकार फ² + ३अब असतो, त्याला ३ ने भाग जायलाच हवा). उरतात ३, ९, २१, ६३, ९३, २०१, २७९. प्रत्येकासाठी संख्येला फरकाने भागा, चौपट करा, फरकाचा वर्ग वजा करा, ३ ने भागा. २१ ला ५५,५७,९०५ येते. ५ वर संपणारा वर्ग नेहमी २५ वर संपतो, म्हणून वर्गमूळ न काढताच तो बाद. ९३ ला १२,५२,१६१ = १११९² येते. बेरीज १११९, फरक ९३, म्हणून

८,७५,३९,३१९ = ६०६³ − ५१३³

बाकीच्यांत एकही पूर्ण वर्ग नाही. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ पूर्णांकासारखे दिसले तरी त्याचा उलट वर्ग करून खात्री करा.

'सर्वांत लहान' हे कसे तपासायचे

हे अवयवांवरून कळत नाही. त्याला संपूर्ण शोधच लागतो आणि तो संगणकावर करावा. १ ते ४४४ पर्यंतच्या घनांच्या सगळ्या जोड्या घ्या, अ हा ब पेक्षा मोठा होऊ न देता. जोड्या ९८,७९० भरतात. प्रत्येक बेरजेपुढे ती किती वेळा आली ते मोजा आणि ८,७५,३९,३१९ पर्यंत तीन वेळा आलेली बेरीज छापा. एकच संख्या मिळते.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. अ-ब आणि ब-अ वेगळे मोजले तर १७२९ लाच चार प्रकार दिसतात. आणि ऋण घन चालवून घेतले तर प्रश्नच बदलतो: मग ७२८ = ६³ + ८³ = ९³ − १³ = १२³ − १०³ ही तीन प्रकारांची संख्या खूप आधी येते. आज्ञावलीत घनमूळ काढायचेच झाले तर दशांशाच्या घनमूळावर विसंबू नका, जवळचा पूर्णांक घेऊन त्याचा घन ताडून पाहा.

अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

हे गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत, इथे अवयवांचा फारसा उपयोग नाही. या प्रांतात देवळालीचे द. रा. कापरेकर यांचे काम मोलाचे आहे.

हर्षद संख्या हे नाव त्यांचेच: आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. इथे बेरीज ४५, आणि ५ ने भाग जात नाही, म्हणून आपली संख्या हर्षद नाही. पण ही ४५ मात्र कापरेकर संख्या आहे: ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५.

स्वयंभू संख्या म्हणजे जी कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. हे तपासायला कोट्यवधी संख्या पाहायची गरज नाही. ८ अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ७२ च्या वर जात नाही. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावर बाकी एकच असते. दोन्ही मिळून ९ ने विभाज्य हवे, म्हणून ती बेरीजही ९ च्या पटीत हवी. आठच तपासण्या उरतात: संख्येतून ९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२ वजा करायचे आणि उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज तेवढीच आहे का ते पाहायचे.

९ आणि १८ वजा केल्यावर अंकांची बेरीज ३६ येते, पुढच्या सहाही वेळा ४५. जुळणारी एकच: ८,७५,३९,२७४, अंकांची बेरीज ४५, आणि ८,७५,३९,२७४ + ४५ = ८,७५,३९,३१९. म्हणून ही संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि तो एकच आहे.